जिथं दुखतं तिथं बोट ठेव

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘हल्ली आरशात बघवत नाही’ हे वाक्य ओझरतं लिहून तू लगेच परीक्षेच्या गोष्टी सुरू केल्यास. मी मात्र त्याच वाक्यापाशी अडले. परीक्षेचं पुढच्या वेळी बोलू.

माझं ऐकशील तर स्वतःचं चित्र काढायला बस. ज्या चेहऱ्याकडे बघवत नाही त्याच्यासमोर वीस मिनिटं बसायचं, हे ऐकूनच तुला नको वाटेल. पण एरवी आपण आरशात बघतो कसं? दोन सेकंद. डोळ्यांखालची वर्तुळं, नाक, कालचा फोड, की निकाल लागला. पेन्सिल हातात आली की तेवढ्यावर भागत नाही. भुवई कुठून सुरू होते, वरच्या ओठाची सावली कुठे विरते, डावी पापणी उजवीपेक्षा किती खाली आहे, हे बघावंच लागतं. माप घेण्यात गुंतलेल्या डोळ्याला दोष काढायला उसंत मिळत नाही. इतकी वर्षं शिकवताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आधी मान खाली घालून बसलेली मुलं पंधराव्या मिनिटाला आरशाकडे झुकून बसतात.

सुरुवातीला कागद नकोच. आरशासमोर उभं राहा, एक डोळा मीट आणि ओल्या साबणाने काचेवरच चेहऱ्याची कड गिरव. मग कपाळापासून हनुवटीपर्यंतची ती आकृती मोज. ती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल. जवळून गिरव नाहीतर लांबून, निम्मीच. रोज बघूनही हे आपल्या लक्षात येत नाही. दुसरी गंमत डोळ्यांची. ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा ते वर काढतो आणि कपाळ चोरतो. डोळे महत्त्वाचे वाटतात, कपाळ वाटत नाही, म्हणून. म्हणजे हात दिसतं ते काढत नाही, आपण धरून बसलोय ते काढतो. स्वतःबद्दल आपण आणखी काय काय असं धरून बसलो असू, हा प्रश्न मला तिथेच पडला.

उजेड चांगला घे, खिडकीचा, एका बाजूने येणारा. अंधूक खोलीत स्वतःकडे टक लावून बसू नकोस. मंद प्रकाशात बराच वेळ पाहिलं की धडधाकट माणसालाही आपला चेहरा वेडावाकडा, परका दिसू लागतो. आणि कागद लहान घे. डच चित्रकार रेम्ब्रांने १६३० मध्ये आरशात बघून डोळे विस्फारलेलं, ओठांचा चंबू केलेलं एक स्वचित्र कोरलं, ते जेमतेम पाच सेंटिमीटरचं आहे. तेव्हा तो चोविशीच्या आतबाहेर होता. तेवढ्याशा जागेत सुबक काढायचं दडपण येत नाही.

माझे वडील गेले त्या वर्षी मी रोज रात्री असं एक चित्र काढायची. मागे तारीख, जमलं तर एक ओळ. महिन्याभराने सगळी जमिनीवर मांडली तेव्हा दिसलं, एकूण एक चित्रात जबडा आवळलेला. दाढेच्या वरची ती गाठ मी दर वेळी इमानाने छायांकित केली होती आणि मागे लिहिलं होतं, ‘दमले’. तो थकवा नव्हता, राग होता. शेवटच्या दिवसांत मला कुणी खरं सांगितलं नाही, याचा. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला फोन केला आणि पहिल्यांदा तसं बोलले.

चेहरा अजिबात नको वाटेल त्या दिवशी जर्मन चित्रकार ड्यूररची युक्ती कर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने स्वतःला कमरेपर्यंत उघडं काढलं, बरगडीच्या खाली एक पिवळा डाग रंगवला आणि चित्रातला तो त्या डागाकडे बोट दाखवतोय. वर त्याच्या हातचं लिहिलंय: जिथं पिवळा डाग आहे आणि जिथं मी बोट दाखवतोय, तिथं मला दुखतंय. बहुधा वैद्याला पाठवायला काढलेलं चित्र. तूही शरीराची नुसती बाह्यरेषा काढ आणि रंग ठेव. घशात, छातीत, पोटात, जिथं असेल तिथं. शब्द सुचले नाहीत तरी चालेल.

एक मात्र नीट ऐक. चित्र काढून उठताना जीव जास्त जड होत असेल, किंवा नजर पुन्हा पुन्हा एकाच व्यंगावर जाऊन अडकत असेल, तर आरसा बाजूला ठेव आणि आपला डावा हात काढ. तेही स्वचित्रच. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पेन्सिलीवर विसंबू नकोस. त्याच दिवशी घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांग, समुपदेशक गाठ. बोलता येत नसेल तर ड्यूररसारखा तो कागदच त्यांच्यापुढे ठेव.

चित्रं कुठे टाकू नकोस, निदान इतक्यात नाही. कुणी ‘छान’ म्हटलं की दुसऱ्या दिवशी आपण छान दिसायला बसतो. मलाही पाठवायची गरज नाही. फक्त डाव्या पापणीचं काय झालं ते कळव.