बाळ अंगावर पीत नसतानाही स्तनदाह पुन्हा पुन्हा का होतो?

आपला प्रश्न मी असा समजले: आपले वय ३६ आहे, धाकट्या मुलाचे अंगावरचे दूध सुटून दोन वर्षांहून अधिक काळ झाला आहे, आणि तरीही डाव्या स्तनाग्राच्या कडेला लाल, दुखरी सूज तिसऱ्यांदा आली आहे. दर वेळी अँटिबायोटिकने ती बसते आणि काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा येते. स्वच्छता कमी पडते किंवा दूध एकदम तोडले म्हणून हे झाले, असे घरचे म्हणतात. आपल्याला मात्र ही कर्करोगाची सुरुवात तर नाही ना, अशी भीती वाटते. अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, आपण लिहिले आहे की गेली अनेक वर्षे आपण रोज सिगारेट ओढता. माझ्या मते आपल्या संपूर्ण मजकुरातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे.

मी स्तनविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात बरीच वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे उत्तर निदान समजू नये. या चर्चेत वर काही सदस्यांनी स्तनदाहाची जोखीम वाढवणाऱ्या कारणांच्या ज्या याद्या दिल्या आहेत, त्यांतील बहुतेक गोष्टी आपापल्या ठिकाणी खऱ्या आहेत. घोटाळा एवढाच की त्या याद्यांत चार-पाच वेगवेगळ्या आजारांची कारणे एकत्र झाली आहेत. स्तनाला सूज, लाली आणि वेदना हे या सर्वांचे बाह्य रूप असले, तरी एका आजाराची जोखीम वाढवणारी गोष्ट दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला निरुपयोगी किंवा अपायकारकही ठरू शकतो. म्हणून ‘मला धोका कशामुळे?’ याआधी ‘मला यांपैकी नेमके काय झाले आहे?’ हा प्रश्न यायला हवा.

आपण केलेले वर्णन, म्हणजे तरुण वय, स्तनपान चालू नसणे, स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेलाच सूज येणे आणि तीच जागा पुन्हा धरणे, हे दुग्धनलिकांभोवतीच्या दाहाशी बरेच जुळते. या आजाराचा धूम्रपानाशी असलेला संबंध इतका ठळक आहे की अशा रुग्णांत धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचेच प्रमाण फार मोठे आढळते. आत काय घडते ते थोडे सविस्तर सांगते, कारण ते कळले की सूज परत का येते हेही उलगडते. दुग्धनलिकेच्या तोंडाशी अगदी एक-दोन मिलिमीटरपर्यंतच त्वचेसारखे अस्तर असते; त्याच्या आत ते वेगळ्या, नाजूक पेशींचे होते. या आजारात त्वचेसारखे अस्तर नलिकेत खोलवर पसरते. त्वचेचा कोंडा जसा झडतो तसे केरॅटिन, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातले चिवट प्रथिन, तेथेही झडते, परंतु अरुंद नलिकेतून बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे साठून त्याचा बूच होतो. मागची नलिका फुगते, फुटते, आतील द्रव्य भोवतालच्या ऊतीत उतरते आणि तेथे दाह सुरू होतो. जंतू बहुधा त्यानंतर शिरतात, आणि त्यांत प्राणवायूशिवाय वाढणारे जंतूही असतात. अँटिबायोटिकने जंतू मरतात, पू आटतो, लाली उतरते. बूच आणि बिघडलेली नलिका मात्र जागच्या जागी राहतात. पू पुन्हा पुन्हा त्याच वाटेने बाहेर येऊ लागला की नलिका आणि वर्तुळाच्या कडेची त्वचा यांच्यात कायमची वाट, म्हणजे नाडीव्रण, तयार होतो. झुस्का, क्राइल आणि आयर्स यांनी १९५१ साली त्याचे वर्णन केले आणि तेव्हापासून तो झुस्काच्या नावाने ओळखला जातो.

सिगारेटच्या धुरातील घटक स्तनाग्रातून येणाऱ्या स्रावातही सापडतात, त्यामुळे नलिकेच्या अस्तराला त्यांचा थेट उपद्रव होत असावा असे मानले जाते. स्तनाग्र टोचून दागिना घालणे हे या प्रकारच्या गळवाचे दुसरे ठाऊक कारण आहे. टोचल्यावर कित्येक महिन्यांनीही संसर्ग उद्भवू शकतो. मधुमेह आणि स्थूलता यांचाही संबंध दिसतो. आत ओढलेल्या स्तनाग्राबाबत जरा सावध राहावे: काही स्त्रियांत ते जन्मतः तसे असते आणि नलिका तुंबण्यास हातभार लावते, तर काहींत दाहामुळे नंतर आत ओढले जाते. पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र अलीकडे आत गेले असेल, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगावे, कारण कर्करोगातही तसे होते. काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत वारंवार गळवे येत असतील तर तेही सांगावे. घामाच्या घड्यांतील तो एक वेगळा चिवट त्वचाविकार असून त्याचाही धूम्रपानाशी आणि वजनाशी संबंध आहे.

घरच्यांच्या दोन्ही समजुतींना येथे आधार नाही. दूध सुटून दोन वर्षे झाल्यावर त्या दुधाचा यात काही वाटा असण्याची शक्यता फार कमी आहे. अस्वच्छतेमुळे नलिकेचे अस्तर बदलत नाही. उलट, स्तनाग्र साबणाने घासघासून धुण्याने त्वचा कोरडी पडून भेगाळते. अंतर्वस्त्र घट्ट होते, हे कारणही मी अनेकींकडून ऐकले आहे, आणि त्यामुळे स्वतःलाच दोष देत बसलेल्या स्त्रिया पाहिल्या आहेत.

वर एका सदस्येने गरम शेक, जोराने मालिश आणि पंपाने स्तन पूर्ण रिकामा करणे असा उपाय सुचवला आहे. आपल्याला तो लागूच नाही, पण ज्या वाचक सध्या बाळाला पाजत आहेत त्यांच्यासाठी एवढे लिहिते की त्यांच्याबाबतही आता विचार बदलला आहे. स्तनपान करणाऱ्या स्त्रीला दाह प्रामुख्याने पहिल्या काही आठवड्यांत होतो. आधीच्या बाळंतपणात तो झालेला असणे, स्तनाग्राला भेगा, बाळाची पकड नीट नसणे आणि गरजेपेक्षा जास्त दूध बनणे या गोष्टी जोखीम वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या पुस्तिकेत दूध साचणे हे मूळ कारण मानून दूध काढून टाकण्यावर भर होता. स्तनपानविषयक वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात मात्र सुजेमुळे नलिका बाहेरून दाबल्या जाणे, अतिरिक्त दूध आणि जंतूंचा बिघडलेला समतोल यांवर भर आहे. म्हणून बाळाला नेहमीप्रमाणे पाजत राहावे, त्यापलीकडे पंप लावू नये, थंड शेक घ्यावा आणि खोल मालिश टाळावी, असे त्यात सांगितले आहे. मालिशने सुजलेली ऊती आणखी दुखावते. स्तन रिकामा करण्याच्या अट्टहासाने दूध आणखी बनते आणि त्रासाचे चक्र चालू राहते.

तिसरा प्रकार आपल्या वयोगटात येतो, म्हणून तो नजरेआड करू नये. ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहातील पेशींचे घट्ट पुंजके, बनवणारा स्तनदाह १९७२ साली केसलर आणि वोलॉक यांनी प्रथम स्वतंत्रपणे नोंदवला. तो बहुधा मूल झालेल्या स्त्रियांत, शेवटच्या बाळंतपणानंतर काही वर्षांच्या आत दिसतो. त्याची कठीण गाठ स्तनात कोठेही उठू शकते, मात्र बऱ्याचदा ती स्तनाग्रापासून दूर असते आणि तपासणीत हुबेहूब कर्करोगासारखी भासते. प्रोलॅक्टिन या दूध बनवणाऱ्या संप्रेरकाची वाढलेली पातळी हा त्यातील एक दुवा आहे. ही वाढ पिट्युटरी ग्रंथीतील गाठीमुळे असू शकते किंवा रिस्पेरिडोन, डॉमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड अशा औषधांमुळे. म्हणून पित्तासाठी किंवा मनोविकारासाठी घेतलेल्या गोळ्यांची नावेही डॉक्टरांपुढे ठेवावीत. या आजारात स्टिरॉइड वापरतात, परंतु क्षयरोगही स्तनात असाच ग्रॅन्युलोमा बनवतो आणि त्यात नुसते स्टिरॉइड दिले तर आजार पसरू शकतो. त्यामुळे ऊतीच्या तपासणीत क्षय वगळल्याशिवाय ते सुरू होता कामा नये.

आता कर्करोगाविषयी. वारंवार झालेल्या दाहाचे रूपांतर दाहक स्तनकर्करोगात होते, असे सिद्ध झालेले नाही. धोका असतो तो एकाला दुसरे समजण्याचा. एकूण स्तनकर्करोगांत या प्रकाराचे प्रमाण साधारण १ ते ५ टक्के आहे आणि त्याच्या जोखमीत स्थूलतेचा वाटा स्पष्ट दिसतो. तो काही आठवड्यांत वाढतो, स्तनाचा एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग लाल व जड होतो, त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसतात, ताप बहुधा नसतो आणि पुष्कळदा हाताला गाठही लागत नाही. घराण्यात कोणाला कर्करोग नव्हता, या गोष्टीवर विसंबू नये, कारण स्तनकर्करोग झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या घराण्यात तो नसतोच. आपली सूज एका कडेपुरती असते आणि औषधाने पूर्ण बसते, हे दिलासा देणारे आहे. मात्र आठवडा-दहा दिवसांच्या अँटिबायोटिकनंतर लाली पूर्ण गेली नाही, तर दुसरे अँटिबायोटिक घेऊन वाट पाहण्याऐवजी सोनोग्राफी, मॅमोग्राम आणि त्वचेसह बायोप्सी (ऊतीचा तुकडा काढून तपासणे) यांचा आग्रह धरावा. पाळी थांबलेल्या स्त्रीला असा दाह झाल्यास हा आग्रह अधिकच हवा.

आपण यापुढे स्तनविकारांच्या शल्यचिकित्सकांना दाखवावे, असे मला वाटते. पुढच्या खेपेस पू झाला तर सोनोग्राफीत पाहत सुईने काढता येतो. घाईने चीर दिल्यास नाडीव्रण होण्याची भीती वाढते. काढलेला पू प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंसह कल्चरला (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवण्यास सांगावे आणि एकदा साखर तपासून घ्यावी. सूज परत येतच राहिली तर बिघडलेली नलिका समूळ काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाईल. ती ठरली तर सिगारेट आधीच सोडलेली असावी, कारण धूम्रपान चालू राहिल्यास जखम भरायला वेळ लागतो आणि शस्त्रक्रियेनंतरही गळू परत येण्याचे प्रमाण जास्त राहते.