मौजे घणसोली आणि घणसोली गाव : गाव, गावठाण, शिवार, पाडा

प्रश्न असा आलाय की घणसोलीत सेक्टरमधे फ्लॅट घेतला, ॲग्रीमेंटवर लिहिलंय 'मौजे घणसोली, तालुका व जिल्हा ठाणे', आणि स्टेशनबाहेर रिक्षावाला रोज विचारतो 'गाव की सेक्टर?' मग आम्ही गावात राहतो की नाही? गावठाण म्हणजेच गाव ना? सानपाडा, मानपाडा यातला पाडा म्हणजे छोटं गाव का? आणि 'गावठी'चा गावठाणाशी काही संबंध आहे का?

कागद पण बरोबर आहे आणि रिक्षावाला पण. घोळ होतो कारण 'गाव' हा शब्द ते दोघं दोन वेगवेगळ्या मापांनी वापरतायत, आणि नवी मुंबईत ही मापं एकमेकांपासून जितकी लांब गेलीत तितकी बाकी महाराष्ट्रात क्वचितच गेली असतील.

आधी मौजे. हा मूळ अरबी शब्द, अर्थ जागा, ठिकाण. फारसी दफ्तरातून मराठीत आला आणि सरकारी कागदात कायमचा बसला. जुन्या कागदात 'मौजे अमुक' आणि 'कसबे तमुक' असा भेद असायचा, मौजे म्हणजे साधं शेतीवाडीचं गाव आणि कसबा म्हणजे बाजारपेठ असलेलं. आता कसबे बाजूला पडलं, मौजे राहिलं. पण मौजे म्हटलं की घरांची वस्ती नाही हां, त्या गावाच्या नावाने महसुलात नोंदलेली सगळीच्या सगळी जमीन, म्हणजे घरं, शेतं, माळ, खाजण (खाडीकाठची दलदल), डोंगराचा उतार, ओढा, मसणवटा, सगळं. सातबारा म्हणतो ना आपण, तो म्हणजे 'गाव नमुना सात' आणि 'गाव नमुना बारा' असे दोन फॉर्म एकत्र केलेले आहेत, त्यातलं 'गाव' पण हेच, मोठं.

मराठीत या मोठ्या गावाला कडा असते तिला म्हणतात शीव. आपलं सायन स्टेशन आहे ना, त्याचं मराठी नाव शीव, कारण तिथे मुंबई बेटाची हद्द संपून साष्टी बेट सुरू व्हायचं. आणि घरांच्या वस्तीला जी कडा तिला म्हणतात कूस किंवा गावकूस. म्हणजे एका गावाला दोन हद्दी. आतली कूस, बाहेरची शीव, आणि या दोन्हीच्या मधे जे काय पसरलेलं असतं ते शिवार. 'गावकुसाबाहेर' या शब्दाला मराठीत जो कडू अर्थ आलाय तो पण ही रचना लक्षात घेतली की नीट कळतो, ती दलित वस्तीतली माणसं शिवेच्या आतच होती, त्याच गावाची कामं करत होती, फक्त कुसाच्या आत त्यांना घर नव्हतं. अर्थात हे वेस आणि कूस प्रकरण जास्त घाटावरचं. ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी गावात तशी दगडी वेस वगैरे फारशी दिसत नाही, इथली घरं उंचवट्यावर एकमेकांना चिकटून आणि खाली भाताची खाचरं, त्याच्यापुढे बांध, बांधाला भरतीचं पाणी अडवायला आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडायला उघाडी, आणि उघाडीच्या पलीकडे खाजण नाहीतर मिठागर. शिवार हा शब्द पण इथे कोणी बोलण्यात फारसा वापरत नाही, 'खारीत गेलाय' म्हणतात. खार म्हणजे खाडीचं पाणी बांधाने अडवून भातासाठी काढलेली जमीन. उरण लाईनवर खारकोपर आणि शेमटीखार अशी स्टेशनं आहेत त्यातली खार तीच.

आता गावठाण. गाव + ठाण, ठाण म्हणजे स्थान. हा ठाण शब्द मला फार आवडतो कारण तो मराठीत सगळीकडे पाय पसरून बसलाय. घोडा बांधायची जागा ते ठाण, देवीचं ठाण, हटून बसलेला माणूस ठाण मांडून बसतो, दिवा ठेवायची ती ठाणवई, पोलीस ठाणं, आणि आमचं ठाणे शहर पण याच घरातलं, शिलाहारांच्या ताम्रपटात त्याचं नाव श्रीस्थानक असं येतं. सगळ्या ठिकाणी कल्पना एकच, जिथे एखादी गोष्ट मुक्काम करून आहे ती जागा. तर गावठाण म्हणजे गावाने मुक्काम केलेली जागा, नुसती घरांची वस्ती, शेतं त्यात नाहीत. घाटावर याला पांढरी म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी, पिढ्यानपिढ्या राहून राख, शेण, भिंतींची माती मिसळून वस्तीची माती पांढुरकी होते म्हणून पांढरी. उत्खननवाले लोक जुन्या वस्तीचं टेकाड शोधताना गावात जाऊन 'पांढरीचं टेकाड कुठंय' असंच विचारतात.

कायद्यात पण हा भेद आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मधे गावठाणाची स्वतंत्र व्याख्या आहे आणि त्याची हद्द कलम 122 खाली कलेक्टर ठरवतो. गावठाणातल्या घरांच्या जागेवर शेतसारा नव्हता म्हणून तिथे सातबारा सहसा नसतोच, जिथे सिटी सर्व्हे झाला तिथे मालमत्ता पत्रक असतं, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. खेड्यापाड्यात अजून लाखो घरांना हा कागद नव्हता, म्हणून 2020 मधे केंद्राने स्वामित्व योजना काढून ड्रोनने गावठाणं मोजायला घेतली.

म्हणजे व्याख्येने बोलायचं तर गावठाण हा गावाचा भाग आहे, गाव नाही. पुस्तकी उत्तर इथे संपलं. पण मग घणसोलीचा रिक्षावाला गावठाणालाच गाव का म्हणतो, तर त्याला कारण 1970.

त्या वर्षी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबई हे नवं शहर वसवायला ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यातली 95 गावं घेतली, जवळजवळ 344 चौरस किलोमीटर. पण 'गावं घेतली' हे आपण बोलतो तेवढं बरोबर नाही, कारण गावठाणं वगळून बाकी जमीन संपादित केली. म्हणजे शीव आणि कूस यांच्या मधलं सगळं गेलं, खाचरं गेली, खाजण गेलं, मिठागरं गेली, आणि लोकांच्या हातात उरलं ते फक्त गावठाण. घणसोली, तळवली, गोठिवली, रबाळे, कोपरखैरणे, बोनकोडे, तुर्भे, शिरवणे, सारसोळे, करावे, दारावे, दिवाळे, सगळ्यांचं तेच. शिवारात सेक्टर पाडले आणि सेक्टरच्या समूहाला सिडकोने नोड म्हटलं, जो शब्द नकाशावर आणि बिल्डरच्या ब्रोशरमधेच राहिला, सेक्टर मात्र लोकांच्या तोंडात असा बसला की आता आगरी आजीबाई पण सेक्टरच म्हणतात.

आता यात भाषेच्या दृष्टीने काय झालं बघा. गावकऱ्याच्या ताब्यात, वापरात, रोजच्या येण्याजाण्यात जेवढं उरलं तेवढ्यालाच गाव हा शब्द उरला. जमीन आकसली तसा शब्दाचा अर्थ पण आकसला. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावात तुम्ही मळ्यात उभे असलात तरी 'मी अमुक गावात आहे' म्हणाल, घणसोलीच्या सेक्टरमधे उभा असलेला मूळ घणसोलीकर मात्र म्हणतो 'जरा गावान जाऊन येतो', आणि तो उभा असतो कदाचित आपल्या आजोबांच्या खाचरावरच. म्हणून तुमचा फ्लॅट शंभर टक्के मौजे घणसोलीत आहे आणि घणसोली गावात नाही, हे दोन्ही एकदम खरं.

याच काळाने आणखी काही शब्द दिले ते पण याच्या आजूबाजूचेच आहेत. 1984 च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, जासईजवळ दास्तान फाट्यावर आणि नंतर नवघर-न्हावाशेवा भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं, आणि 'साडेबारा टक्के' हा इथे चक्क नाम म्हणून चालतो, 'आमचं साडेबारा टक्के अजून निघालं नाही', 'ती बिल्डिंग साडेबाराच्या प्लॉटवर आहे'. दुसरा शब्द 'गरजेपोटी'. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द कागदावर तेवढीच, म्हणून लोकांनी हद्दीबाहेर घरं बांधली, सरकारी भाषेत ती अनधिकृत आणि गावाच्या भाषेत 'गरजेपोटीची घरं'. पुढे हा शब्द सरकारी कागदातही आला, गावाने दिलेलं नाव सरकारने उचललं असं रोज होत नाही. त्यामुळे 'गावठाण' या शब्दाचा आकार पण इथे भांडणाचा विषय आहे, जुन्या नकाशातलं मूळ गावठाण वेगळं आणि लोक ज्याला गावठाण म्हणतात ते विस्तारित वेगळं.

रेल्वेने पण हा आकसलेला अर्थच उचललाय. ठाणे आणि ऐरोलीच्या मधे जानेवारी 2024 मधे जे स्टेशन सुरू झालं त्याच्या पाटीवर आहे 'दिघा गाव'. जुन्या पद्धतीने नुसतं दिघा पुरलं असतं, गावाच्या नावापुढे गाव लावायची गरज तेव्हाच पडते जेव्हा त्याच नावाचं जे गाव नाही ते शेजारी उभं राहतं.

आणि अजून एक मजा आहे, ती फक्त कान देऊन ऐकली तर कळते. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली इथे माथाडी कामगारांची खूप वस्ती, बहुतेक सातारा-सांगली-पुण्याकडची. त्यांचं 'गाव' म्हणजे तिकडचं. मग एकाच चौकात दोन माणसं गाव शब्द दोन अर्थांनी वापरतात, तरी घोटाळा होत नाही, कारण प्रत्यय वेगळे आहेत. 'गावाला गेलेत', 'गावी गेलेत' म्हणजे एसटी पकडून घाटावर, चार दिवस तरी नाहीत. 'गावात गेलेत' म्हणजे इथेच, मच्छी आणायला नाहीतर टेलरकडे, अर्ध्या तासात येतील. आणि 'गावान गेलेत' म्हटलं तर बोलणारा बहुतेक आगरी. हे कुठल्या व्याकरणात लिहिलेलं नाही पण इथली शाळेतली पोरं पण चुकत नाहीत.

पाडा मात्र वेगळा आहे, त्याला छोटं गाव म्हणू नका. संस्कृतात पाटक म्हणजे गावाचा एक भाग, त्याचा पाडा, बंगालीत पण मोहल्ल्याला पाडाच म्हणतात. म्हणजे पाडा हा गावाच्या पोटातला तुकडा. ठाण्यात बाळकुमला चक्क पाडा नं. 1, पाडा नं. 2 असे पत्ते आहेत, गाव एक बाळकुम आणि त्याचे नंबर लावलेले पाडे. येऊरला पाटोणापाडा, जांभूळपाडा वगैरे, ते सगळे मिळून येऊर. शहापूर, मुरबाड आणि 2014 मधे ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा इकडे गेलात तर हे पाडे एकमेकांपासून लांब लांब, मधे ओढे, टेकड्या, वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा वस्त्या, आणि सगळ्यांचं मिळून महसुली गाव एकच. तिथे 'गावात रस्ता आहे, पाणी आहे' असं कागदावर असतं, आणि ते एका पाड्यापुरतं खरं असतं, बाकीच्या पाड्यांवरून आजारी माणूस झोळीत घालून आणावा लागतो. गाव हा शब्द मोठ्या मापाने वापरला की असंही होतं. सानपाडा, मानपाडा यांचं नाव पाडाच राहिलं, पण सानपाड्याचा पाडा आता कुणाला पाडा म्हणून ऐकूच येत नाही.

राहिला गावठी. रूप कसं बनलं ते सोडून देऊ, अर्थ बघितला तर त्याचा गावठाणाशी जोड दिसत नाही, मोठ्या गावाशी दिसतो. गावठी भात, गावठी काकडी, गावठी कोथिंबीर, हे काय घरांच्या मधे पिकत नाही, शिवारात पिकतं. गावठी म्हणजे इथलं, गावच्या हातचं, विकतच्या बियाण्याचं किंवा कारखान्याचं नाही ते, मग ती कोंबडी असो, दारू असो नाहीतर कट्टा. घाटावर याच कोंबडीला गावरान म्हणतात आणि ठाण्याच्या बाजारात दोन्ही पाट्या दिसतात, विकणारा कुठला आहे ते पाटीवरून ओळखा. भाव सारखाच असतो.