झाकण नाही, तरी वायू टिकतो

प्रश्न : झाकण उघडं राहिलं की बाटलीतला सोडा पांचट होतो. मग धूमकेतूच्या बर्फात वायू अब्जावधी वर्षं कसा टिकतो? तिथे तर निर्वात!
– एक वाचक, सातारा

उत्तर : झाकणाचं काम तिथे थंडी करते. धूमकेतूंचा बर्फ मुळात ताऱ्यांमधल्या दाट ढगांतला. तिथे धूळकणांचं तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. हायड्रोजन-ऑक्सिजनचे अणू कणाला चिकटतात आणि पाणी तिथेच तयार होतं. इतक्या गारठ्यात नवा रेणू सरकून नीट जागा धरू शकत नाही, जिथे पडला तिथेच थिजतो. स्फटिक बनत नाही. वेडावाकडा, सच्छिद्र बर्फ साचतो. कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू त्या भोकांत सापडतात, वर आणखी बर्फ चढतो, वाट बंद. पुढे कधी तापमान उणे १३५ अंशांच्या घरात गेलं की रेणू रांगेत बसू लागतात आणि आतल्या वायूला बाहेर काढतात.

बर्फात वायू अडकतो याचा पुरावा हाती आलेला आहे. ‘६७पी’ धूमकेतूभोवती फिरणाऱ्या रोझेटा यानाला चक्क ऑक्सिजन सापडला (२०१५ साली जाहीर झालं), पाण्याच्या तुलनेत ४ टक्क्यांच्या आसपास. तो पाण्याच्या वाफेबरोबरच कमी-जास्त होत होता, म्हणजे बर्फातच अडकलेला.

वायू अडकण्याचा दुसरा प्रकार क्लॅथ्रेट हायड्रेटचा. यात पाण्याचे रेणू वायूभोवती पिंजरा बांधतात. मिथेनच्या बाबतीत ४६ रेणूंचे ८ पिंजरे. आपल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात समुद्रतळाखाली असा मिथेन हायड्रेट आहे, पण तिथे वरच्या पाण्याचा प्रचंड दाब असतो. निर्वातात कसं जमणार?

आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने २०१९ मध्ये हेच करून पाहिलं. अतिशय थंड धातूच्या पट्टीवर पाण्याची वाफ आणि मिथेन एकत्र गोठवले, पट्टी उणे २४३ अंशांवर आणली आणि वाट पाहिली. सुमारे २५ तासांनी अवरक्त वर्णपटात (कोणता रेणू कुठला अवरक्त प्रकाश शोषतो ते दाखवणाऱ्या आलेखात) मिथेनच्या खुणेशेजारी दुसरी खूण उमटली. मिथेन पिंजऱ्यात शिरल्याची ती खूण, असं त्यांचं म्हणणं. काही शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही. एवढ्या थंडीत, एवढ्या थोड्या वेळात पाण्याचे रेणू हलतीलच कसे, असा त्यांचा सवाल.

मला आक्षेप रास्त वाटतो. पण त्यातला ‘थोडा वेळ’ हा मुद्दा प्रयोगशाळेपुरता आहे. ढगाला लाखो वर्षं मिळतात.