अ‍ॅटमॉसच्या नादी लागण्याआधी

अरे, हेडफोन घेतलास, बरं केलंस. पण पहिल्याच दिवशी सगळं स्पेशियल ऑडिओवर (आवाज चहूबाजूंनी येतोय असा भास देणारी सोय) टाकू नकोस. मजा येते, खोटं कशाला बोलू! सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत उभं राहिल्यासारखं वाटतं: एका कानाशी हलगी, मागे पाळण्यांचा गोंगाट. मोठ्या वाद्यवृंदाला, लाइव्ह मैफलीला ते शोभतं.

खोट कुठे आहे ते सांगतो. डॉल्बी अ‍ॅटमॉस या त्यामागच्या ध्वनितंत्रात १२८ पर्यंत ट्रॅक मांडता येतात, पण हेडफोनमधून कानांत शेवटी दोनच चॅनल येतात. बाकीचा भास म्हणजे सर्वसाधारण कान-डोकं धरून केलेलं गणित. तुझा कान त्या मापाचा नसला की गाणाऱ्याचा आवाज लांब, पोकळ वाटतो. अ‍ॅपलने २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकवर ही सोय दिली, तेव्हापासून जुनी गाणीही नव्याने मिक्स होताहेत. काहींत ढोलकीची थाप पार मऊ पडते. मोनोतली (एकाच चॅनलची) जुनी गाणी तर मी मूळ रूपातच ऐकतो.

तुलना करताना आवाज सारखा कर. अ‍ॅटमॉस मिक्स बहुधा हळू वाजतं, आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो (मी यात महिनाभर फसलो). आवडीचं एकच गाणं घे, दोन्हींत ऐक. नाही पटलं तर सेटिंगमध्ये डॉल्बी बंद करता येतं.