परदेशात स्टॉल मांडण्याआधी

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

दिवाळीत आलीस तेव्हा ठेवून गेलेला आराखडा दोनदा वाचला. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. 5 वर्षांत सभासद दुप्पट, 6 देशांत प्रतिनिधी, दरवर्षी परदेशी प्रदर्शनात भारताचं दालन, दिल्लीत स्वतःची इमारत. भाषा नेटकी आहे, तक्ते चोख आहेत. देशभरच्या जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेनं आपल्या पुढच्या वाढीचा मसुदा बडोद्याच्या मुलीकडे सोपवला, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच मनातलं सरळ लिहितो. 40 पानांत तुमचे सभासद काय बनवतात आणि कुठे अडतात, यावर एक ओळही नाही.

हे मला इतकं का खुपलं, ते सांगतो. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि मी एका संघटनेच्या समितीवर होतो. अमेरिकेत दरवर्षी जैवतंत्रज्ञानाचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे आमचा स्टॉल होता. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. हातात लहानशी वही. त्यांनी विचारलं, ‘तुमच्या सभासदांपैकी 500 लिटरच्या फर्मेंटरमध्ये (सूक्ष्मजीव वाढवायच्या टाकीत) ई. कोलाय जिवाणू वाढवून जीएमपीप्रमाणे (औषधनिर्मितीच्या दर्जा-नियमांप्रमाणे) माल कोण देतं? आणि येत्या 6 महिन्यांत कोणाचा फर्मेंटर मोकळा आहे?’ माझ्यापुढे गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. तिच्यात दीपप्रज्वलनाचे फोटो होते, मान्यवरांचे शुभसंदेश होते, सभासदांची अकारविल्हे यादी होती. कोणाकडे किती लिटरची टाकी आहे, ते कुठेच नव्हतं. ‘कळवतो’ म्हणालो. परत येऊन फोनाफोनी करून माहिती जमवायला 3 आठवडे गेले. तोवर त्यांचं काम दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे गेलं होतं. तसं त्यांनी सभ्यपणे कळवलंही. आणि 500 लिटरची टाकी इथेच, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, त्या मोसमात रिकामी उभी होती. तिच्या मालकाला मी हे बरेच दिवस सांगू शकलो नाही.

म्हणून पहिलं काम नोंदवहीचं. प्रत्येक सभासदाकडे कोणत्या पेशी वाढवता येतात, जिवाणू, यीस्ट की सस्तन प्राण्यांच्या, किती लिटरपर्यंत, पुढचं शुद्धीकरण तिथेच होतं की बाहेर, कोणते परवाने हातात आहेत, कोणत्या देशाच्या तपासनिसांनी कारखाना पाहिला आणि काय शेरा दिला. फॉर्म पाठवून हे भरून येत नाही. दर 3 महिन्यांनी एका माणसानं फोन करायचा, वर्षातून एकदा जाऊन डोळ्यांनी पाहायचं. कंटाळवाणं काम आहे, त्याचा फोटो निघत नाही. पण त्या बाईंना हवं होतं ते एवढंच.

दुसरी गोष्ट कार्गोची. मे महिना होता. इथल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीनं, दोन खोल्या आणि सहा माणसं, परदेशातून एन्झाइम मागवलं होतं. ते उणे 20 अंशांवर ठेवायचं असतं. माल उतरला आणि कागद अडला. हे रसायन, औषध की जैविक माल, शुल्क कोणत्या शीर्षाखाली लावायचं, ते ठरेना. मध्ये शनिवार-रविवार आला. पाचव्या दिवशी त्या मालकाबरोबर मीही डबा सोडवायला गेलो. थर्माकोलचा डबा उचलला तोच हलका लागला. ड्राय आइस, म्हणजे माल थंड ठेवणारा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, सगळा उडून गेला होता. त्यानं टेप फाडली, इवलीशी कुपी दोन बोटांत धरली, क्षणभर पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली. त्याचं 4 महिन्यांचं काम त्या कुपीवर अडलं होतं.

आमच्या संघटनेनं संबंधित खात्याला पत्र दिलं. ‘उद्योगाच्या अडचणींकडे आपलं लक्ष वेधू इच्छितो’, वगैरे. पोच आली, पुढे काहीच नाही. वर्षभरानं दुसरं पत्र दिलं आणि त्याला तक्ता जोडला. 17 खेपा, माल कोणता, किती तापमानाचा, विमान कधी उतरलं, माल कधी सुटला, कोणता कागद मागितला गेला, नुकसान किती. तळाला आम्ही कबूल केलं होतं की 17 पैकी 5 खेपांत चूक आमच्याच सभासदांच्या कागदांत होती. त्या बैठकीत समोरच्या अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा पेन काढून लिहून घेतलं. ती कबुली नसती तर त्यांनी पेन काढलं नसतं, असं मला आजही वाटतं. निवेदन लिहिणं हे तुमच्या कचेरीचं खरं काम आहे आणि ते तुला उत्तम जमेल, कारण प्रयोगशाळेतली तुझी वही मी पाहिली आहे. चुकलेलं मोजमाप तू कधी खोडलं नाहीस, शेजारी कारण लिहिलंस.

सभासद दुप्पट करण्याबद्दल. आपल्या गणेश मंडळात वर्गणीचा आकडा फळ्यावर लागतो आणि मोठी रक्कम देणाऱ्याचा शब्द आपोआप मोठा होतो, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. उद्योगाच्या संघटनेतही तेच होतं. अमेरिकेत जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या आधी दोन संघटना होत्या, एक मुख्यतः मोठ्या कंपन्यांची, दुसरी छोट्यांची. 1993 मध्ये त्या एक झाल्या आणि आजची ‘बायो’ उभी राहिली. आपल्याकडे ‘एबल’ 2003 मध्ये बंगळुरूला सुरू झाली, किरण मजुमदार-शॉ तिच्या पहिल्या अध्यक्ष. मोठ्यांचं नाव, पैसा आणि ओळखी लागतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कार्यकारिणीत छोट्यांच्या जागा घटनेतच राखून ठेवा, कोणाच्या मर्जीवर सोडू नका. आणि बियाणं, लस, एन्झाइम, निदान-किट, सगळ्यांना एका समितीत कोंबू नका. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, ती पर्यावरण मंत्रालयाच्या समितीकडून. लशीचा माणूस औषध नियंत्रकाच्या दारात उभा असतो. त्या दोघांची गाऱ्हाणी एका ठरावात बसत नाहीत. बसवली की ठराव गुळमुळीत होतो.

आकड्यांचंही सांभाळ. तुझ्या तिसऱ्या पानावर जैवअर्थव्यवस्था 2014 मधल्या 10 अब्ज डॉलरवरून 2030 पर्यंत 300 अब्जांवर न्यायची, असं सरकारी उद्दिष्ट ठळक अक्षरात आहे. असू दे. पण त्या बेरजेत लस आणि औषधांबरोबर जैवइंधन, एन्झाइम, शेतीचा वाटाही मोजलेला असतो. परदेशी पाहुणा जाणकार असला तर तो लगेच विचारेल, ‘यात इथेनॉल किती?’ उत्तर जिभेवर नसेल तर पुढचा एकही आकडा तो मनावर घेणार नाही. प्रत्येक आकड्याखाली त्यात काय धरलं आहे ते लिही.

आता परदेशातली ओळख. ती कशानं होते, याचं मला भावलेलं उदाहरण रोटाव्हायरसच्या लशीचं आहे. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत विषाणूचा एक प्रकार सापडला. लागण होऊनही ती बाळं आजारी पडली नव्हती. त्यावरून लस करायला सरकारचं जैवतंत्रज्ञान खातं, आपल्या आणि परदेशातल्या संशोधन संस्था आणि हैदराबादची भारत बायोटेक एकत्र आले. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये जाहीर झाले, 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. तीस वर्षं! बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधासारख्या बनवलेल्या औषधांचंही तसंच. जिवंत पेशीनं बनवलेलं प्रथिन मूळ औषधाची हुबेहूब नक्कल नसतं, म्हणून ते पुरेसं सारखं आहे हे ढीगभर कसोट्यांनी दाखवावं लागतं. आपल्याकडे त्याची मार्गदर्शक तत्त्वं 2012 मध्ये आली, 2016 मध्ये सुधारली. 2017 च्या डिसेंबरात बायोकॉन आणि मायलन या कंपन्यांच्या ट्रॅस्टुझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, मान्यता दिली, ती कागदपत्रं पारखूनच.

तेव्हा 6 देशांतल्या प्रतिनिधींचा पैसा आधी बॅच रेकॉर्डवर, म्हणजे मालाच्या प्रत्येक घाण्याच्या लेखी नोंदींवर, लाव. छोट्या सभासदांची माणसं 15-15 च्या गटानं बोलाव आणि तपासनीस येतो तेव्हा काय मागतो, ते जुन्या क्वालिटीवाल्यांकडून त्यांना शिकव. ‘हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, इथे व्हाइटनर का लावलं?’ माझ्या ओळखीचे निवृत्त लोक या गावात पुष्कळ आहेत. बोलावणं आलं तर आनंदानं येतील. देश दोनच निवड, जिथे आपल्या सभासदांचा माल खरोखर जाऊ शकतो, आणि तिथल्या उद्योग संघटनेत दर महिन्याला बोलणारा एक माणूस ठेव. सामंजस्य करार नंतर होऊ देत.

विद्यापीठांसाठी तुझ्या आराखड्यात अर्धंच पान आहे. ते वाढव, हा माझा हट्ट समज. कलाभवनवरून आपण किती वेळा गेलो असू! सयाजीराव महाराजांनी ते 1890 मध्ये काढलं आणि रसायनशास्त्राचे त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. कापडाचं रंगकाम, रसायन, यंत्रकाम तिथे लोकांच्या भाषेत शिकवत. (दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी.) पुढे 1907 मध्ये हेच गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेम्बिक उभी केली. आधी वर्ग, मग कारखाना, असा बडोद्याचा क्रम आहे, आणि माझ्या पिढीची भाकरी त्यावर निघाली. आज एमएससी झालेल्या मुलाला पिपेट धरता येतं, पण 500 लिटरच्या टाकीत फेस वर आला तर काय करायचं, ते माहीत नसतं. तो फेस हवा बाहेर सोडणाऱ्या नळीच्या फिल्टरपर्यंत चढला की अख्खी बॅच वाया जाऊ शकते. संघटनेनं सभासदांच्या कारखान्यात 6 महिन्यांच्या जागा मिळवून दिल्या, तर नवे सभासद शोधत फिरावं लागणार नाही.

इमारतीचं पान मी दुमडून ठेवलं आहे, त्यावर काही लिहिलं नाही.

संक्रांतीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. पहिल्या दिवशी मकरपुऱ्यात त्या कुपीवाल्याकडे जाऊ. आता त्याच्याकडे 22 माणसं आहेत, आणि माल सोडवायला जाताना तो अजून थर्मामीटर खिशात घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी सावली गावातल्या कारखान्यात. तिथल्या मालकांशी मी बोलून ठेवलं आहे, ते फर्मेंटर उघडून दाखवतील. नोंदवहीची पहिली दोन पानं तिथेच, तुझ्या हातानं भरू. बूट बंद घाल, आणि येताना आराखड्याची कोरी प्रत आण. माझी पेन्सिलीनं भरली आहे.

तुझा,
काका
दांडिया बाजार, बडोदा