हेड खोलायच्या आधी पंपाची नळी बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि २०१७ चा ऑगस्ट आठवून पोटात गोळा आला. नौकेचं सहा सिलिंडरचं इंजिन, बाराशे आरपीएमपर्यंत तापमानाचा काटा ८० अंशांच्या आसपास शांत, पंधराशेच्या वर नेलं की दहा मिनिटांत ९८. इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडबंद करणारा) नवा, आणि आता मिस्त्री म्हणतोय हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलूया. दादा, ही माझीच रडकथा आहे.

हेड खोलू नका. निदान अजून दोन दिवस तरी नको.

किंग्स्टन (समुद्राचं पाणी आत घेणारा तळाचा व्हॉल्व्ह), गाळणी, बेल्ट, कूलंटची पातळी हे सगळं बघून झालंच असेल, त्यात वेळ घालवत नाही. मी काय माती खाल्ली ते सांगतो. पावसाळी मासेमारीबंदीत नौका वर ओढलेली असताना किंग्स्टनपासून पंपापर्यंतची नळी बदलायला घेतली. जुनी कडक होऊन चिरली होती. आत तारेची स्प्रिंग असलेली सक्शनची नळी दुकानात नव्हती. त्याच मापाची साधी रबरी होती. दुकानदार म्हणाला, ‘‘पाणीच तर जायचंय, घेऊन जा.’’ घेतली. जेमतेम दोन मीटरचा तुकडा.

नारळी पौर्णिमा झाली, पहिल्या फेरीला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालो. बंदरातून बाहेर पडून वेग वाढवला आणि काटा चढला. परत आलो. धक्क्याला बांधून इंजिन चालवलं तर काही नाही. एक्झॉस्टमधून पाणी धो धो. तांडेल (नौका चालवणारा) म्हणाला, ‘‘मालक, पाणी येतंय ना मागून, मग पंपाला काय धाड भरलेय?’’ मलाही पटलं, आणि तिथेच फसलो. पाणी येतंय एवढंच बघितलं. किती येतंय आणि कुठल्या आरपीएमला, हे कोणी बघितलंच नाही.

इंजिन वॉरंटीत होतं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या हापिसात फोन केला तर आधी अर्ज, मग काट्याचा फोटो, मग ‘साहेब दौऱ्यावर आहेत’. नवव्या दिवशी त्यांचा माणूस आला. धक्क्यावर, न्यूट्रलमध्ये, दहा मिनिटं इंजिन चालवलं, ‘दोष आढळला नाही’ असं लिहून सही घेतली आणि गेला. समुद्रात चला म्हटलं तर त्याला बोट लागते म्हणे! नाव घेत नाही, पण अजूनही त्या रस्त्याने जाताना मान वळते.

मग वैतागून स्थानिक मिस्त्रीकडून हेड खोललं. फेसिंग, नवं गॅस्केट, मजुरी, सगळं मिळून ४७ हजार, शिवाय हंगामाचे ते सोन्यासारखे दिवस. पुन्हा बाहेर निघालो, काटा पुन्हा ९८. त्या दिवशी खाली पाना आणायला गेलेला पोरगा वर येऊन म्हणाला, ‘‘शेट, ती नळी श्वास घेतेय.’’ खाली जाऊन बघतो तर वेग वाढवला की नळी मधोमध चपटी, कमी केला की पुन्हा गोल.

कारण साधं आहे. पंपाच्या अलीकडची बाजू ओढाची. आरपीएम वाढला की ओढ वाढते आणि मऊ नळी आतल्या आत बसते. हीट एक्सचेंजरला (समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करतो तो) सर्वात जास्त पाणी लागतं नेमकं तेव्हाच त्याला घोटभर मिळतं. जुन्या स्प्रिंगवाल्या नळीचाही भरवसा नको. कधी कधी तिचा आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो आणि बाहेरून नळी टकाटक दिसते.

तेव्हा खोल पाण्यात जा, एकाला सुकाणावर ठेवा, एकाला खाली. पंधराशेवर नेऊन टॉर्चने नळीवर नजर ठेवायची. हात लावायचाच असेल तर बेल्ट आणि शाफ्टपासून लांब, आणि लुंगी नको, हाफ पँट घाला. गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण मात्र काही झालं तरी उघडू नका. माझ्या चुलतभावाच्या हातावर अजून डाग आहे.

नळी ठणठणीत निघाली तर पुढचा संशय एक्सचेंजरवर. जुना इम्पेलर काढला तेव्हा त्याची सगळी पाती जागेवर होती का? नसतील तर तुटलेले तुकडे पुढे जाऊन एक्सचेंजरच्या तोंडाशी अडकलेले असतात. झिंकचे (गंज रोखायला लावलेल्या जस्ताच्या कांडीचे) झिजलेले तुकडेही तिथेच सापडतात. आणि काटा चढताना धूर काळा येत असेल तर एकदा नौकेच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोर किंवा जाळं गुंतलंय का ते बघा. तिथे थंडाव्याचा दोष नसतो, इंजिनावर भार जास्त पडलेला असतो.

मी मिस्त्री नाही, एका नौकेचा मालक आहे. तुमचं इंजिन कील कूलिंगचं (समुद्राचं पाणी आत न घेता तळाबाहेरच्या पाइपांतून कूलंट गार करणारं) असेल तर यातलं निम्मं लागू नाही. जाता जाता एक: पुढच्या बंदीत इम्पेलर काढून ठेवा, पाती वाकडी राहत नाहीत. बसवताना ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा.

नळी किती मापाची आहे आणि बंदीत बदलली होती का, तेवढं कळवा. माझ्याकडे स्प्रिंगवाल्या नळीचा दीड मीटर तुकडा पडून आहे, माप जुळलं तर घेऊन जा.