एडीएचडीची गोळी कोण लिहून देतं आणि कधी?

तुम्ही लिहिलंय की वय ३१, नाशिकला असता, सायकॉलॉजिस्टने ऑनलाइन टेस्ट घेऊन एडीएचडीचा (लक्ष न टिकणं, चंचलपणा यांचा त्रास) रिपोर्ट दिलाय आणि आता गोळ्याही तिथूनच ऑनलाइन सुरू होतील का. नाही होणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट खूप कामाचा असतो, जपून ठेवा, पण औषध लिहायचा अधिकार त्यांना नाही. मोठ्या माणसाने सरळ मनोविकारांचा डॉक्टर, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट गाठायचा. (लहान मुलांना वाढ-विकासाच्या अडचणी बघणारे डॉक्टर, म्हणजे डेव्हलपमेंटल पेडिअ‍ॅट्रिशियन किंवा मुलांचे न्यूरॉलॉजिस्टपण देतात, तेही साधारण ६ वर्षांनंतर, त्याआधी आईवडिलांचं ट्रेनिंग.) कागदोपत्री एमबीबीएस डॉक्टरही लिहू शकतो पण फॅमिली डॉक्टर सहसा हात लावत नाहीत आणि माझ्या मते लावूही नये.

ऑनलाइन का नाही, तर एडीएचडीचं मुख्य औषध मेथिलफेनिडेट, दुकानातली नावं इन्स्पायरल, अ‍ॅडवाइझ वगैरे, हे शेड्यूल एक्समध्ये (कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी) आहे आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही येतं. २०२० च्या टेलिमेडिसिन गाइडलाइन्समध्ये अशी औषधं व्हिडिओ कॉलवर लिहायला चक्क मनाई आहे, त्यामुळे कुणी फोनवर "पाठवून देतो" म्हणालं तर तिथूनच मागे फिरा. प्रिस्क्रिप्शन दोन प्रतीत लागतं, एक प्रत केमिस्ट ठेवून घेतो आणि त्याला ती २ वर्षं सांभाळावी लागते, शिवाय त्याच्याकडे शेड्यूल एक्सचं वेगळं लायसन्स हवं, माल कुलपात हवा, म्हणून कोपऱ्यावरचा मेडिकलवाला "नाही मिळत" म्हणतो, त्यात त्याचा दोष नाही. डॉक्टरांच्या केबिनमधून उठायच्या आधीच विचारा की हे नक्की कुठल्या दुकानात मिळतं, आणि स्ट्रिप संपायच्या आठवडाभर आधी पुढची अपॉइंटमेंट घ्या. हे मी प्रत्येकाला सांगते कारण गोळी लागू पडलेली असताना नुसत्या स्टॉकपायी खंड पडणं फार त्रासाचं असतं. आणि मित्राकडची उरलेली गोळी चालवून बघू, हे अजिबात नको.

आता कधी. पहिल्याच भेटीत चिठ्ठी मिळाली नाही तर चिडू नका. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून होती का, आणि घर नि ऑफिस दोन्हीकडे त्रास होतो का, हे त्यांना बघावंच लागतं. शाळेची जुनी प्रगतीपुस्तकं असतील तर न्या, "हुशार आहे पण लक्ष नसतं" असला शेरा बाईंनी लिहिलेला असेल तर सोनंच, जमलं तर आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या. झोप, थायरॉइड, अँग्झायटी, बायपोलर यातलं काही आहे का ते तपासतात, बीपी, नाडी, वजन घेतात, घरात कुणी कमी वयात हृदयविकाराने अचानक गेलं असेल तर न विचारता सांगा, ईसीजी काढतील.

कधीकधी आधी अ‍ॅटोमॉक्सेटिन देतात. ते शेड्यूल एक्समध्ये नाही, मिळायला सोपं, पण पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे जातात, मेथिलफेनिडेट तासाभरात कळतं. त्यामुळे अ‍ॅटोमॉक्सेटिन पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून सोडू नका. भूक मेली किंवा झोप उडाली तर डोस स्वतः कमीजास्त न करता डॉक्टरांना फोन करा.

अ‍ॅडेरॉल (अमेरिकेतली एडीएचडीची गोळी) विचारलंत, ते भारतात मिळत नाही. आणि दुबईचं प्रोजेक्ट आहे म्हणालात तर मेथिलफेनिडेट तिथे कंट्रोल्ड आहे, निघायच्या आधी यूएई सरकारच्या अधिकृत साइटवर परवानगी काढा, डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन हँडबॅगेत, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच.